अक्का पुढे बसली

स्कूटर सुरू व्हायच्या आधीच ती म्हणायची, "हळू व माय."

गतिरोधक आला की डोळे मिटायची. तो मागे पडला की उघडायची आणि मी विचारलंच होतं अशा आवाजात सांगायची, "गेला."

दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची. वाचता वाचता दुकान मागे पडलं तर राहिलेलं नाव मनाने पुरं करायची. ते बहुतेक वेळा चुकायचं.

केळं खालच्या टोकाकडून सोलायची. साल रस्त्यावर कधीच टाकायची नाही. पिशवीत ठेवायची, आणि पहिली शेळी दिसली की स्कूटर थांबवायला लावायची.

चढ आला, स्कूटर धापा टाकायला लागली, की जीभ टाळूला लावून टक् टक् करायची. मला आधी वाटायचं, दातात काही अडकलं असेल.

निघताना "येते" म्हणायची नाही. "दार लोटून घे," एवढंच म्हणायची.

तिचं नाव झुंबरबाई. पिंप्राळ्यात आमच्या भिंतीला लागून तिचं घर. कॉलनीत तिला सगळे अक्का म्हणत. होळीच्या आधीच्या आठवड्यात अक्का गेली. मी अजूनही सकाळी स्कूटर काढते आणि ती बसली का बघायला मागे वळते.

स्कूटर तिचीच आहे. तिचे यजमान रुपचंदभाऊ पाइपच्या कारखान्यात होते. आधी त्यांच्याकडे लूना होती, मग ही स्कूटर आली. ते गेल्यावर स्कूटर जिन्याखाली उभी राहिली. मी तेव्हा मराठीत एम. ए. करून क्लासमध्ये शिकवायला लागले होते आणि रिक्षाने जात होते. एक दिवस अक्काने किल्ली माझ्या हातात ठेवली.

"चालव तू. उभी राहून सडते व ती."

"आणि तू?"

"मी मागं बसीन. मले सवय हाये."

अशी आमची मैत्री झाली. तिच्या माझ्या वयात पस्तीस-छत्तीस वर्षांचं अंतर होतं. मागे बसल्यावर ते कमी वाटायचं. तोंड दिसत नसलं की माणसं जास्त बोलतात. अक्काने मला जे सांगितलं ते बहुतेक सगळं माझ्या पाठीला सांगितलं.

तिचं माहेर रावेरकडचं. सातपुड्याच्या अगदी पायथ्याचं गाव. वडील शालिग्रामबुवा, केळीची बाग, घरात बैलजोडी. भाऊ लहान होते, म्हणून थोरल्या मुलीच्या हातात कासरा आला. बैलांच्या दोऱ्या धरून ती पुढे धुरीवर बसायची आणि वडील मागे घडांवर झोपायचे. पहाटे केळी रावेरच्या स्टेशनवर जायची. गाडी तिच्या हातात असायची आणि डोंगर तिच्या डाव्या हाताला.

"बैलायले रस्ता पाठ होता," ती म्हणायची. "मी नुसती बसेल राहो. पन पुढं बसेल राहो."

लग्न झालं. वरात निघाली तेव्हा तिला गाडीत मागे बसवलं. गाडी दुसराच कोणी हाकत होता, आणि तो बैलाला उगाच मारत होता. तिने तोंड उघडलं तर सासूने डोळे मोठे केले. त्यानंतर लूना, स्कूटर, एस. टी., मुलाची कार. सगळीकडे ती मागेच बसली. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. आपण शाळेचं नाव सांगतो तसं सांगितलं होतं.

जानेवारीत कुंदन आला. कुंदन तिचा मुलगा, पुण्यात नोकरीला. दिवाळीत तिच्या छातीत दुखलं होतं. दगदग नको, जिने नकोत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. होळी झाली की तिला कायमचं पुण्याला न्यायचं त्याने ठरवलं होतं. तिथे लिफ्ट होती. लिफ्ट आहे हे तो फार वेळा सांगायचा.

त्याच सुट्टीत त्याने क्वाड बाईकचं काढलं. रावेरच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथे, कोणीतरी चार क्वाड आणून ठेवल्या होत्या. वाटाड्या सोबत देतात, डोंगरातल्या कच्च्या वाटांनी फिरवून आणतात. कुंदनने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. चार जाड चाकं, मधे मोटरसायकलसारखी सीट, वर धूळच धूळ.

"बेडकासारखं दिसतं," अक्का म्हणाली.

"तू माझ्या मागे बस. फोटो काढू. दीपा, तू पण चल."

अक्काने लगेच हो म्हटलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ती कशालाच लगेच हो म्हणत नसे. संध्याकाळी भाजी आणायला निघालो, तेव्हा मागून आवाज आला.

"दिपे, त्या बेडकावर पुढं कोन बसते?"

"जो चालवतो तो."

एक गतिरोधक आला आणि गेला. ती "गेला" म्हणाली नाही.

"मले पुढं बसायचं हाये," ती म्हणाली. "पुन्यात मी बेडरूममंदी बसीन, कुंदन म्हनीन तिथं बसीन. पन एक बार पुढं बसू दे मले. तू त्याले सांग."

मी सांगितलं. कुंदन हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचं थांबला.

"तिच्या छातीचं तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग?"

दोन दिवसांनी त्याच्या कारने आम्ही तिघं निघालो तरी क्वाडवर पुढे कोण बसणार ते ठरलं नव्हतं.

रावेर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाली. पानांमधून सकाळचं ऊन हिरवं होऊन गाडीत येत होतं. अक्काने काच खाली केली आणि हात बाहेर धरला. डोंगर आधी निळा होता, मग राखाडी झाला, मग त्यात झाडं दिसायला लागली.

केळी पॅकिंगची एक जुनी शेड होती. अर्ध्या भागात खोके रचलेले, अर्ध्या भागात क्वाड उभ्या. वाटाड्याचं नाव वना. तिशीचा, हडकुळा, हळू बोलणारा. त्याने आम्हाला हेल्मेटं दिली. अक्काचं हेल्मेट अंबाड्यावर बसेना. तिने सगळ्यांसमोर अंबाडा सोडला आणि वेणी घातली. तिचे मोकळे केस मी कधी पाहिले नव्हते. कुंदननेही बहुतेक लहानपणानंतर पाहिले नसावेत. तो दुसरीकडे बघायला लागला.

मग तिने साडीचा काष्टा मारला, पदर कमरेला खोचला आणि एका क्वाडवर जाऊन बसली. पुढे.

"आई, उतर."

"काहून?"

"ही काय बैलगाडी आहे का?"

"बैलगाडी असती तर तुले मांगं बी बसू दिलं नसतं."

वना हसला. कुंदन हसला नाही. शेवटी वनानेच तोडगा काढला. शेडसमोर मोकळं आवार होतं. तिथे एक फेरी मारू द्या, जमलं तर बघू, नाही जमलं तर आजी मागे बसतील. अक्काने मान डोलावली. मला एकदम भीती वाटली. तिचं सगळं त्या एका फेरीवर आलं होतं.

वनाने दाखवलं. उजव्या अंगठ्याखाली छोटी पट्टी असते. ती दाबली की गाडी पळते. बोटांपुढे ब्रेकची दांडी. गियर नाही, काही नाही. अक्का मन लावून ऐकत होती. मग तिने अंगठा टेकवला आणि क्वाड एखादं जनावर उठावं तशी पुढे सरकली.

अर्धी फेरी सुरेख झाली. वेणी पाठीवर हलत होती. समोर केळीची बाग आली आणि तिला थांबायचं होतं.

ती मागे रेलली. दोन्ही मुठी आवळून तिने छातीकडे ओढल्या आणि ओरडली, "हो! हो रे! हो!"

मूठ आवळली तसा अंगठाही दाबला गेला, ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं गेलीच नाहीत. क्वाड उसळली. ती आणखी मागे रेलली, आणखी ओढलं, आणखी जोरात "हो" म्हणाली, आणि क्वाड आणखी जोरात पळाली. बांधावरून उडून ती केळीत शिरली. पानं हलली. एक घड डुलला. मग इंजिन बंद पडलं आणि सगळं गप्प झालं.

आम्ही धावलो. अक्का सीटवर ताठ बसलेली होती. हेल्मेटवर फाटकं केळीचं पान होतं.

कुंदनचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, छातीत काही होतंय का?"

"होतंय."

"काय होतंय?"

"मजा वाटते रे."

"बस झालं. उतर. मागे बस."

ती उतरली. हेल्मेटवरचं पान काढलं. तिचा चेहरा लहान झाला होता. तिने माझ्याकडेही बघितलं नाही. क्वाडच्या मागच्या सीटला तिने हात लावला, चढायला, आणि तेवढ्यात वना म्हणाला,

"आजी, तुम्ही बैल हाकले आहेत ना?"

तिने वर बघितलं.

"आमच्याकडे आहेत अजून," वना म्हणाला. "तुम्ही कासरा ओढत होता. ह्याला कासरा नाही. हे उलटं आहे. बैल सोडला की चालतो. हे सोडलं की थांबतं."

"सोडलं की?"

"नुसतं सोडायचं. हात मोकळा."

अक्काने आपले हात पुढे धरले. मुठी आवळल्या. उघडल्या. पुन्हा आवळल्या, उघडल्या. आम्ही तिघं बघत उभे होतो. केळीच्या पानावरून दव पडत होतं.

"कुंदन," ती म्हणाली. मुलाला ती नावाने क्वचितच हाक मारायची, नेहमी भाऊ म्हणायची. "एक फेरी अजून. यखांद्या जागी बी ओढलं तर मी आपून होऊन उतरीन."

कुंदन डोंगराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकच."

तिने फेरी मारली. वळणावर हात सोडला, क्वाड थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. थांबताना दरवेळी ती पुटपुटत होती, सोडलं की थांबते, सोडलं की थांबते. आमच्यासमोर येऊन ती थांबली तेव्हा कुंदनने माझ्याकडे बोट केलं आणि मग तिच्या मागच्या सीटकडे. मी तिच्या मागे बसले. पहिल्यांदाच.

"हळू अक्का," मी म्हणाले.

"गप बस व."

पुढे वना, मधे आम्ही, मागे कुंदन, असे निघालो. वाट आधी केळीच्या कडेने गेली, मग हरभऱ्याच्या, मग शेतं संपली. मुरमाचा चढ सुरू झाला. साग आला. सागाची मोठी वाळकी पानं चाकांखाली कुरकुरत फुटत होती. सालईची पांढरी खोडं उन्हात उभी होती, अंगावरचे कपडे उतरवून ठेवल्यासारखी. वाट ओढ्यात उतरली. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते गोल दगड होते. त्यांच्यावरून क्वाड डुलत गेली आणि आम्हीही डुललो. दगड सरकले की अक्काचे खांदे आधीच त्या बाजूला कललेले असायचे.

चढ वाढला. इंजिनचा आवाज जड झाला. आणि मला ऐकू आलं, टक् टक्. टक् टक्.

तेव्हा मला कळलं ते काय होतं. ती बैलांना चढ चढवत होती. इतकी वर्षं, रुपचंदभाऊंच्या पाठीमागे बसून, माझ्या पाठीमागे बसून, ती चढ चढवत होती.

मग मी बोलणं सोडून दिलं. धूळ सोनेरी होऊन वर उठत होती आणि आम्ही तिच्यातून जात होतो. पुढचा वना दिसायचा, नाहीसा व्हायचा. कधी नुसता त्याचा आवाज असायचा, कधी तोही नाही. एका वळणावर मोर उभा होता. तो हलला नाही. अक्काने त्याच्याकडे बघून मान झुकवली, ओळखीचं कोणी भेटावं तशी. मी तिच्या पाठीला कान लावला होता. हेल्मेटमधून काही ऐकू येत नव्हतं, तरी लावला होता. किती वेळ गेला कोण जाणे. डोंगर आम्हाला वर घेत होता असं वाटत होतं, आम्ही चढत नव्हतोच.

मग झाडं संपली आणि माळ आला. सपाट, पिवळ्या गवताचा, आभाळापर्यंत गेलेला. वनाने हात वर केला. अक्काने अंगठा सोडला. क्वाड थांबली. मागे, अगदी खाली, केळीच्या बागा अंथरुणासारख्या पसरल्या होत्या. त्यांच्यामधून एक आगगाडी चालली होती. आवाज न करता.

"तू उतर," अक्का म्हणाली.

"अक्का?"

"उतर व. मले एकटीले जाऊ दे."

मी उतरले. कुंदन अजून मागच्या चढावर होता. तो पोचला तेव्हा अक्का निघालेली होती.

"आई!"

त्याने धावायला सुरुवात केली. वना आडवा आला.

"सपाट आहे भाऊ. जाऊ द्या."

"तिच्या छातीला..."

"ओढत नाहीयेत बघा त्या."

आम्ही बघत राहिलो. ती पिवळ्या गवतातून सरळ जात होती. आधी साडीचा निळा रंग दिसत होता, मग वेणी दिसेनाशी झाली, मग नुसता धुळीचा एक छोटा ढग उरला. आवाज वारा घेऊन गेला. माळावर तिच्याशिवाय काही हलत नव्हतं. कुंदन माझ्या शेजारी उभा होता. त्याने खिशातून मोबाईल काढला, फोटोसाठी, आणि तसाच परत ठेवला.

"तिने मला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "बैलगाडीचं."

"तिला पाठीशी बोलायची सवय आहे. तू समोर बसून बोलतोस, म्हणून."

तो हसला. त्याचे डोळे ओले होते.

धुळीचा ढग पलीकडच्या कडेला थांबला. बराच वेळ थांबला. मग वळला आणि मोठा होत होत आमच्याकडे आला, आणि त्यातून अक्का बाहेर आली. आमच्यापाशी येऊन तिने हात सोडला. हेल्मेट काढलं. भुवयांवर, पापण्यांवर धूळ होती. मधे दोन डोळे. असे डोळे मी त्यानंतर कोणाचे पाहिलेले नाहीत.

"बैलायचा वास येत नाई," ती म्हणाली. "तेवढंच."

मग वनाला म्हणाली, "भाऊ, त्या बाजूले काय हाये?"

"पलीकडे खोरं आहे. खाली नदी. होळीच्या सुमाराला सगळा पळस फुलतो. नुसतं लाल."

"चाल मंग."

"आज नाही आजी. वाट काट्याची आहे. आणि हे बघा."

त्याने तिच्या साडीचा काठ दाखवला. इंजिनला लागून तो करपला होता. तिला कळलंही नव्हतं.

"साडीवर तिकडे नेत नाही मी. पायात सलवार-पायजमा काहीतरी घालून या. मग नेतो."

अक्का करपलेला काठ बोटांनी चोळत राहिली. होळीनंतर पुणं होतं, हे वना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

कुंदन खाली वाकला. गवताची एक काडी तोडली, तिचे तुकडे केले.

"होळीच्या आदल्या दिवशी येऊ," तो म्हणाला. "पुण्याला नंतर."

"मी पुढं?"

"तू पुढे."

परतताना कारमध्ये तो गाडी चालवत होता. अक्का त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. मी मागे. रावेर यायच्या आत ती झोपली, तोंड उघडं टाकून.

दुसऱ्याच दिवशी तिने मला बाजारात न्यायला लावलं. सलवारीचं कापड घ्यायला.

"माझी घाल ना एखादी."

"तुझी सलवार माह्या एका पायात जाईन."

"मग तयार घेऊ."

"तयार मले कुठं बसते? वरून मापात, खालून नाई. मी शिवते."

ब्लाउज, परकर, गोधड्या तिने आयुष्यभर शिवल्या होत्या. दोन पायांचा कपडा कधी शिवला नव्हता. तिने गर्द तपकिरी कापड घेतलं, धूळ दिसायला नको म्हणून. माझी एक सलवार मागून नेली आणि उलटी करून जमिनीवर पसरली. मांडीच्या मधे जो चौकोनी तुकडा असतो त्याच्याकडे ती बराच वेळ बघत बसली.

"हे असं असते होय," ती म्हणाली. "म्हनून तुमी पोरी पाय टाकून बसता."

पहिल्या बेतात आसन फारच ऐसपैस झालं. तिने ते घालून दाखवलं आणि आम्ही हसून हसून लोळलो. ती म्हणाली, बाकीची जागा कुंदनसाठी ठेवली. मग सगळं उसवलं. पुन्हा बेतलं. दुपारी क्लासला जाताना मला भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा. थोडा वेळ चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. दम लागला की ती थांबत असणार. हे मला तेव्हाही कळत होतं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी आवाज थांबला आणि मी जेवायला बसले. जेवण झालं तरी तो सुरू झाला नाही. मी जाऊन बघितलं, ती पलंगावर कुशीवर झोपलेली होती. चष्मा हातात.

कुंदन आला. माणसं आली, गेली. तेराव्यानंतर घर आवरताना तो मशीनपाशी थांबला.

"हे काय शिवत होती?"

मी सांगितलं. त्याने कापडाला हात लावला आणि काढून घेतला. पुण्याला जाताना त्याने घराची किल्ली माझ्याकडे दिली. मशीन तसंच राहू दे म्हणाला.

सलवारीचा डावा पाय पुरा झाला आहे. मोहरी दुमडून दोनदा शिवली आहे. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आला आहे आणि तिथे सुई कापडात उतरलेली आहे. पुढे खडूची रेघ आहे. नेफा बेतलेला आहे, नाडी ओवायची आहे.